घरटी एक घमेलं

पहिल्यांदा त्यांनी आमचं जोतं फोडलं. दुसऱ्यांदा राजपालचं डोकं फोडलं. तिसऱ्यांदा आले तवा स्लॅबच्या खाली म्या एकला उभा होतो, अन् डोक्यावर अख्खं गाव ओला माल टाकत होतं.

'त्यांनी' म्हणजे कुणी परमुलखातले न्हाईत. माझा सख्खा थोरला भाऊ बलभीम, अन् त्याच्या जिवावर मिशीला पीळ देणारी दोन-चार टाळकी. मला बजरंग म्हणत्यात. माझं टकुरं लवकर तापतं हे नळदुर्गापासनं आमच्या काळलिंबीपर्यंत सगळ्यांस्नी ठाव हाय. पण भावापुढं म्या कधी मान वर केली न्हवती. बाप गेला तवा म्या नाक पुसायच्या वयाचा होतो, दादानंच वाढवलं. म्हणून आधीच सांगतो, मला कुणी भावाचा दुष्मन म्हणलं तर त्याच्या कानाखाली जाळ काढीन.

भानगड सुरू झाली ती गावघरापायी. कल्पना राजपालची. राजपाल बौद्ध वस्तीतला, माझ्या वर्गातला. पुण्यात बरीच वर्षं सेंट्रिंगचं काम केलं, मग आई एकली पडली म्हणून परत आला. एकदा लग्नात पाऊस आला अन् पंगतीतली माणसं पत्रावळी हातात घेऊन गोठ्यात पळाली. त्या दिवशी तो मला म्हणला, "बजा, गावात कडब्याला जागा हाय, ट्रॅक्टरला हाय. माणसाला एकत्र बसायला छप्पर न्हाय. पोरं अभ्यासाला कुठं बसणार? नर्सबाई आली तर बायका तपासायला कुठं जाणार? आपण आपल्या हातानं बांधू."

म्या म्हणलं, बांधू. मला दुसरं काय येतंय? विचार करायचं काम त्याचं, उचलायचं माझं.

ठेकेदार न्हाय, मजूर न्हाय. रानातनं आल्यावर ज्याला जमंल त्यानं यायचं, दगड वाहायचं, पाणी मारायचं. जागा ग्रामपंचायतीची, गाव अन् वस्ती यांच्या मधोमध. ग्रामसभेनं हात वर करून ठराव केला. पण त्या जागेवर दादा आपली कडब्याची गंजी रचायचा. त्याला वाटायचं जागा त्याचीच. तरी खरं सांगू का, गंजी त्यानं हलवली असती. त्याला टोचत होतं ते दुसरंच. भर चावडीवर तो म्हणला, "वस्तीतल्यांसंग एका छपराखाली, एका पंगतीला? बलभीमचं घर तिथं पाय ठेवणार न्हाय. अन् माझ्या तोंडावर ती इमारत उभी राहणार न्हाय."

मग एके दिवशी सकाळी बघतो तर जोतं उखडलेलं. आम्ही घासून-पुसून लावलेले दगड रस्त्यावर पसरलेले. म्या तसाच घरी गेलो. दादा दात घासत होता.

"दादा, हे तुमचं काम?"

तो चूळ भरून म्हणला, "व्हय. मग?"

"मग काय? गावानं घाम गाळलाय तिथं."

त्यानं ओल्या हातानं माझ्या थोबाडीत दिली. वहिनी चुलीपाशी होती, तिचा हात जागच्या जागी थांबला. पुतणी शिवांजली दारात कॉलेजची पिशवी घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. दादा म्हणला, "ह्या घरात खायचं अन् त्यांच्यासंग नांदायचं, असं जमणार न्हाय. एक कायतरी निवड."

म्या अंथरूण गुंडाळलं अन् रानातल्या शेडात राहायला गेलो. लई रडलो त्या दिवशी. कुणी बघितलं न्हाय म्हणून सांगतो.

जोतं आम्ही परत बांधलं. भिंती चढल्या. भिंती चढल्या तसा दादाचा पारा चढला. एकदा राजपाल नळदुर्गहून खिळे अन् तार घेऊन येत होता. दिवस मावळायच्या सुमाराला हायवेवरनं गावाकडं वळला, तर फाट्यावर तोंडं बांधलेल्या माणसांनी त्याला गाडीवरनं ओढला अन् लोखंडी पाइपानं डोक्यात घातली. खबर लागताच म्या धावलो. त्याला उचलला तवा त्याचं रगत माझ्या मानेवरनं पाठीत उतरत होतं, अन् हा शहाणा मला विचारतोय, "तार कुठं पडली बघ की."

तक्रार दिली. तोंडं बांधलेली, नाव कुणाचं घेणार? पण राजपालला एक दिसलं होतं, की गाडीचा मागचा दिवा फुटका होता. फुटक्या दिव्याची गाडी गावात एकाचीच, श्रीमंतची. हा श्रीमंत म्हणजे दादाचा उजवा हात.

म्या त्याला धाब्यावर गाठला. तो शेव-टमाटर खात होता. म्या ताट त्याच्या तोंडावर दाबलं, केस धरून बाकड्यावर आपटला. त्याचा दात माझ्या करंगळीत घुसला, वण अजून हाय. धाबेवाला "अरे बाबा, अरे बाबा" करत फिरत होता. श्रीमंतनं मला पायानं मांडीत असा हाणला की चार दिवस लंगडत होतो. पण शेवटी तो बोलला. रगत थुंकत म्हणला, "दादानं सांगितलं. राजपालला खाली पाडा म्हणले, मग स्लॅब टाकायला कुणी उरत न्हाय." म्या त्याला सोडला. काय करायचं पुढं? ज्यानं सांगितलं त्याच्या अंगावर माझा हात उठत न्हवता.

राजपालच्या आईला, मथुरामावशीला, म्या हे सांगितलं. तिनं सगळी हयात सोलापुरात बांधकामावर काढलेली. बायांची मुकादम होती. आवाज असा की मिक्सर बंद न करता माणूस दुसऱ्या मजल्यावरनं खाली बोलवायची. मला वाटलं ती शिव्याशाप देईल. ती पोराच्या डोक्याची पट्टी बदलत म्हणली, "भांडण पळून जातंय व्हय? आधी स्लॅब."

स्लॅबची आमच्याकडं एक रीत हाय. कुणाचा बी स्लॅब असला की भावकीतलं घरटी एक माणूस आपल्या घरचं घमेलं घेऊन येतं. ओळीत घमेली फिरतच असत्यात, पण आपल्या घराचं एक घमेलं माणूस स्वतः भरतं, स्वतः वर नेतं, स्वतःच्या हातानं ओततं. दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाय. खाली उभं असलेलं माणूस त्या घराचं नाव पुकारतं, अन् वरची सगळी 'आलं!' म्हणून आरोळी देत्यात. ज्याचं घमेलं पडलं, त्याचं संध्याकाळी ताट लागतं. ज्याचं पडलं न्हाय, त्यानं ते घर आपलं मानलं न्हाय असं समजायचं. गावघराला भावकी म्हणजे सगळं गाव. मग घरटी एक घमेलं, मराठ्यांचं, लिंगायतांचं, वस्तीचं, सगळ्यांचं एकाच ओळीत. असं काळलिंबीत कधी झालं न्हवतं.

स्लॅबच्या दिवशी नावं पुकारायला मथुरामावशी उभी राहिली. दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली. आपलं नाव हिच्या तोंडून? तर सिद्रामप्पा काठी टेकत पुढं आले. गावात त्यांच्याएवढं म्हातारं कुणी न्हाय. त्यांनी घमेल्यात मूठभर माल घेतला, तेवढाच उचलत होता त्यांना, अन् म्हणले, "मथुराबाई, माझं नाव पयलं घे. मोठ्यानं घे, मला ऐकू येत न्हाय." माणसं हसली. तोंडं सरळ झाली.

राजपाल वर, डोक्याला पट्टी, हातात व्हायब्रेटर. त्यानं सकाळीच बजावलं होतं, "एकदा माल पडायला लागला की थांबायचं न्हाय. मधी थांबलं की जोड राहतो, जोड राहिला की जन्मभर गळतं. अन् खाली बल्ल्यांपाशी पहारा पायजे."

बल्ल्या म्हणजे स्लॅबखालचे लाकडी टेकू. अख्खा माल, सळई, वरची माणसं, सगळा भार त्यांच्यावर. प्रत्येक बल्लीच्या बुडाला लाकडाची पाचर ठोकलेली असती. पाचर उडवली की बल्ली सुटती. काही बल्ल्या सुटल्या की सगळं खाली. हे दादाला बी ठाव होतं. म्हणून पहाऱ्याला आम्ही दांडगी पोरं ठेवली होती, काठ्या घेऊन.

अन् तिथंच आम्ही माती खाल्ली. पहाऱ्यावरच्या प्रत्येकाला आपल्या घराचं घमेलं टाकायचं होतं, अन् ते तर दुसऱ्याच्या हातनं टाकायचं नसतं. एक म्हणला, "बजरंगकाका, आलोच." दुसरा म्हणला, "माझी आई वाट बघतीय." नाव पुकारल्यावर वर गेला तो वरच्या गमतीत रमला, खाली यायचं नावच घेईना. म्या माझ्या शेडाचं घमेलं सकाळीच टाकलं होतं. बघता बघता स्लॅबखाली म्या एकटा राहिलो.

तेवढ्यात शिवांजली आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पाठीला कॉलेजची पिशवी अन् हातात घमेलं. काठाला लाल रंग मारलेलं. ते दादाच्या गोठ्यातलं घमेलं, म्या लांबनं ओळखलं.

"आगं ए! चोरून आणलंस व्हय? तुझा बाप माझी अन् तुझी सालटी काढील. पळ घरी."

"काका, सगळ्या घरांची नावं पुकारतील अन् आपलंच राहील. गाव काय म्हणंल?"

"गावाला घाल चुलीत."

"मग तुम्ही कशाला राबताय इथं?" पोरगी बोलण्यात आईवर गेलेली न्हाय, माझ्यावर गेलीय. मला न जुमानता ती ओळीत जाऊन उभी राहिली. म्या मनात म्हणलं, घाल बाई घाल. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

मिक्सर धडधडत होता. मागं आमची ज्वारी माणसाएवढी उंच. ज्वारी हलली अन् दादा बाहेर आला. हातात घण. मागं श्रीमंत अन् आणखी दोघं, काठ्या घेऊन. वरच्या गोंधळात कुणाचं ध्यान न्हवतं.

"बजा, बाजूला हो," दादा म्हणला.

"दादा, वर माणसं हायत."

"उतरतील. एक कोपरा खाली बसला की सगळी उड्या मारतील. कुणी मरत न्हाय."

"राजपाल! ए राजपाल!" म्या घसा फोडून ओरडलो. मिक्सरनं माझा आवाज गिळला.

श्रीमंतची काठी माझ्या कानावर बसली. डोळ्यापुढं पांढरं झालं. दुसरी पाठीत, तिसरी गुडघ्यावर. म्या खाली बसता बसता एकाचा पाय धरला अन् पिळला. तो आडवा झाला, त्याच्या बरगडीत गुडघा घातला. फावडं हाताला लागलं. त्याच्या दांड्यानं श्रीमंतच्या त्या धाब्यावर फुटलेल्याच तोंडावर दिली. तो "आई गं" करून भिंतीवर आपटला अन् तोंड धरून ज्वारीत पळाला. तिसरा त्याच्या मागं गेला. बरगडीवाला सरपटत निघाला. भाड्याची माणसं, किती टिकणार?

पण तेवढ्यात घणाचा आवाज झाला. खाड. एक पाचर उडाली, बल्ली आडवी पडली. वरनं सिमेंटचं पाणी गळायला लागलं. दादा दुसऱ्या बल्लीपाशी होता.

म्या त्याला मागनं कव घातली. बैलासारखं अंग त्याचं, त्यानं कोपर माझ्या नाकावर मारलं. नाक फुटलं, तोंडात रगत आलं. म्या सोडलं न्हाय.

"दादा, वर शिवांजली हाय! आपली शिवी हाय वर!"

"गप, भडव्या. माझी पोरगी कॉलेजात हाय."

"आईची शपथ, दादा!"

"आई मेली," तो म्हणला, अन् मला झटकून दुसरी पाचर उडवली.

वर मालाखालच्या लोखंडी प्लेटा कुरकुरल्या. म्या वर बघितलं. एका फटीतनं पायांच्या सावल्या हलत होत्या. त्यातले शिवीचे कुठले? ती पोरगी माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघायची. दादा तिसऱ्या बल्लीपाशी गेला, घण डोक्यावर नेला. म्या खाली पडलेला सळईचा तुकडा उचलला अन् सगळी ताकद लावून त्याच्या उजव्या हातावर मारला. कोपराच्या खाली. मोडल्याचा आवाज मला हातात जाणवला.

घण पडला. दादा ओरडावं तसं ओरडला न्हाय, नुसता माझ्याकडं बघायला लागला. ज्याला त्यानं घास भरवून वाढवला, त्यानं त्याचा हात मोडला होता. मग तो वाकला, डाव्या हातानं घण उचलला. तोंडातनं लाळ गळत होती. "आता तर पाडतोच," तो म्हणला.

अन् तवाच मथुरामावशीचा आवाज आला. मिक्सरच्या वरनं, सगळ्यांच्या वरनं.

"बलभीम दादांच्या घराचं घमेलं!"

वर सगळी 'आलं' म्हणायचंच विसरली. ते नाव कुणाच्या ध्यानीमनी न्हवतं. मग आमच्या बरोबर डोक्यावरनं एक पोरीचा आवाज आला.

"आलं!"

अन् मग गाव ओरडलं, "आलं! आलं!" माल थपकन पडला तो आम्हाला खाली ऐकू आला.

बाप लेकीचा आवाज चुकतोय व्हय? दादाचं तोंड उघडं राहिलं. घण हातातनं सुटून त्याच्याच पायावर पडला, त्याचं त्याला भान न्हवतं. तो वर बघत म्हणला, "शिवे..." अन् तिसरी बल्ली, जिच्यावर पडलेल्या दोन्ही बल्ल्यांचा भार आला होता, ती वाकायला लागली. लाकूड चिरत गेलं. कोपऱ्यातली आडवी फळी खाली यायला लागली.

दादानं खांदा घातला. इचार न्हाय, काय न्हाय, सरळ त्या फळीखाली घुसला अन् खांदा लावला. त्याच्या बाजूला म्या लावला. आरं देवा, काय तो भार! मानेची शीर तुटतीय असं वाटलं. दादाचा मोडका हात लोंबत होता, तोंडावर सिमेंटचं पाणी पडत होतं, अन् तो बोंबलत होता, "पोरीला खाली घ्या! माझ्या पोरीला खाली घ्या!" त्याच्या हाकेला वरनं कोण ओ देणार? मिक्सर चालूच.

राजपालला मात्र पायाखाली कळलं. प्लेट लवली की कळतं त्याला. त्यानं मिक्सर बंद करवला, कोपऱ्यावरची माणसं एकेक करून हळू बाजूला केली. "कुणी पळायचं न्हाय, हादरा बसंल," असं सांगून स्वतः शिडीवरनं खाली आला. आम्हाला बघितलं. दादाला बघितलं. ज्यानं त्याचं डोकं फोडायला माणसं पाठवली तो त्याच्या स्लॅबखाली खांदा देऊन उभा. राजपालनं नवी बल्ली आणली, उभी केली, पाचर ठोकली. दुसरी आणली, ठोकली. मग दादाच्या छातीला हात लावून म्हणला, "सोडा आता."

तोवर माणसं खाली आली. पडलेल्या बल्ल्या, घण, माझं फुटलेलं नाक, सगळ्यांना सगळं समजलं. कुणीतरी पहिली लाथ घातली. मग फावडी आली, काठ्या आल्या. दादा जमिनीवर पडला, त्याच्या तोंडात माती गेली. पहाऱ्यावरनं वर पळालेली पोरंच सगळ्यात पुढं. म्या त्याच्या अंगावर आडवा पडलो. माझ्या बी पाठीत दोन बसल्या.

"ए मुडद्यांनो!" मथुरामावशी कडाडली. "माल वाळाय लागलाय वर! मारामारी उद्या करा. अर्धा स्लॅब तुमचा बाप टाकणार हाय?"

तेवढ्यानं हात थांबले. दादा उठून बसला. समोर शिवांजली उभी. हातात ते रिकामं, लाल काठाचं घमेलं. दादा उठला, तिच्यापाशी गेला. मला वाटलं पोरीला जवळ घेतोय. त्यानं डाव्या हातानं खाडकन तिच्या थोबाडीत मारली. सिमेंटनं भरलेली बोटं तिच्या गालावर उठली.

"घमेलं कुणी दिलं तुला?"

तिनं घमेलं छातीशी धरलं.

"कुणी दिलं? ह्यानं?" माझ्याकडं बोट.

तिनं मान हलवली न्हाय, डोळे पुसले न्हाईत. घमेलं घेतलं अन् ओळीत जाऊन उभी राहिली. मिक्सर सुरू झाला. दादा मोडका हात पोटाशी धरून सगळ्यांच्या मधनं चालत गेला. कुणी वाट अडवली न्हाय, कुणी आधार बी दिला न्हाय.

दिवस कलायच्या आत स्लॅब पुरा झाला. तो कोपरा जरा पोट काढून हाय, पण गळत न्हाय. राजपालनं हात फिरवून बघितला तवा त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मग पंगत बसली. नुसती बाजरीची भाकरी, झुणका अन् कांदा. एका बाजूनं गाव, एका बाजूनं वस्ती, असं बसायचं न्हाय म्हणून मावशीनं सगळ्यांना कालवून बसवलं. मावशीनं एक ताट जास्तीचं वाढलं.

"हे कुणाचं?" म्या इचारलं.

"बलभीमचं. त्याच्या घराचं घमेलं पडलंय. नेऊन दे जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मावशी, डोकं ठिकाणावर हाय का? त्यानं राजपालला मारायला माणसं घातली. आज सगळी मेली असती. त्याच्या तोंडात म्या माती घालीन, भाकरी न्हाय!"

"घमेलं पडलं की ताट लागतं. रीत तुमचीच ना? का ती आमच्या हातनं वाढलं की बदलती?"

तणतणत म्या ताट घेतलं.

दादा नुकताच नळदुर्गहून प्लास्टर घालून आला होता. सोप्यात खाटेवर बसला होता, भिंतीला टेकून. वहिनी त्याच्या पायाला हळद लावत होती, घण पडून अंगठा काळा झाला होता. म्या ताट पुढं ठेवलं. "गावघराचं हाय. मथुरामावशीनं दिलंय."

त्यानं ताटाकडं बघितलं. वस्तीतल्या हातचं अन्न त्याच्या सात पिढ्यांनी खाल्लं न्हवतं. मग त्यानं त्याच हळद लावलेल्या पायानं ताट लाथाडलं. भाकरी घरंगळत उंबऱ्यापाशी गेली, झुणका भिंतीवर उडाला.

म्या पुढं सरकलो. माझ्या आधी वहिनी उठली. लग्न होऊन आल्यापासनं ती दादापुढं एक शब्द मोठ्यानं बोललेली म्या ऐकली न्हवती. ती उंबऱ्यापाशी गेली, भाकरी उचलली, पदरानं झटकली. दादाच्या समोर येऊन उभी राहिली अन् उभ्यानं खायला लागली. कोरडी भाकरी. सावकाश चावून.

"थुक," दादा म्हणला. "थुक म्हणतो ना!"

तिनं घास गिळला. "घमेलं म्या दिलं तिला," ती म्हणली. "आपल्या घराची खूण म्हणून लाल रंग बी म्याच कवाचा लावलेला. गावात सगळ्यांची नावं पुकारली जातील अन् माझंच घर मुकं राहील, हे मला चालणार न्हवतं. पोरीनं माझं नाव घेतलं न्हाय म्हणून तिला मारलंत. आता मला मारा."

दादाचा डावा हात वर गेला.

"मार," म्या म्हणलं. "त्यो बी मोडतो."

हात तसाच वर राहिला. वहिनी हलली न्हाय, डोळे मिटले न्हाईत, तुकडा मोडून खात राहिली. दादाचा हात आपोआप मांडीवर पडला. वहिनीनं शेवटचा तुकडा खाल्ला, तांब्यातनं पाणी प्याली, पायात चप्पल घातली.

"कुठं निघालीस?" दादाचा आवाज बसला होता. "मला जेवायला कोण वाढणार?"

"तुमचं ताट तिथं लागलंय," ती म्हणली. "यायचं तर या."

आम्ही दोघं गावघरापाशी आलो. शिवांजली बल्ल्यांखाली बसली होती, गालावरची बोटं अजून धुतली न्हवती. वहिनी तिच्या बाजूला जाऊन बसली, पदराचं टोक ओलं करून तिचा गाल पुसायला लागली. मावशीनं काय झालं ते विचारलं न्हाय. तिनं दुसरं ताट वाढलं अन् परातीखाली झाकून ठेवलं.

दिवे लागले, माणसं उठली, भांडी घासून झाली. ताट तसंच झाकलेलं होतं. दादा आला न्हाय. वहिनी बी घरी परत गेली न्हाय.